रूलॉन ऑलरेड : एका बहिष्कृत धर्मनेत्याचे चरित्र
(प्रस्तावना)

धर्म स्थापन करणाऱ्या पुरुषाचे चरित्र लिहिताना लेखकाला त्याच्याभोवती जमलेल्या आख्यायिका दूर साराव्या लागतात. परंतु जो आचार एका धर्मसंस्थेने एके काळी स्वतःच ईश्वरी आज्ञा म्हणून सांगितला आणि पुढे राजसत्तेच्या दडपणाखाली सोडून दिला, तोच आचार उराशी धरून बसलेल्या आणि त्यापायी त्याच संस्थेच्या लेखी पाखंडी ठरलेल्या पुरुषाचे चरित्र लिहिताना अडचण निराळी असते. विरोधकांनी त्याला सरसकट गुन्हेगार ठरविलेले असते आणि अनुयायांनी हुतात्मा. आणि ज्या गोष्टींवरून त्याच्या जीवनाचा खरा न्याय व्हावा, म्हणजे घरातले रोजचे व्यवहार, पैशाची वाटणी, मुलांना दिलेली शिकवण, बायकांनी गिळलेले दुःख, त्यांची नोंद कोणत्याच दप्तरात सापडत नाही, कारण ते सारे आयुष्य नोंद होऊ नये अशाच बेताने जगलेले असते. अमेरिकेतील मूलतत्त्ववादी मॉर्मनांचे एक नेते डॉ. रूलॉन क्लार्क ऑलरेड यांचे चरित्र या जातीचे आहे. २९ मार्च १९०६ रोजी मेक्सिकोत जन्मलेले आणि १० मे १९७७ रोजी युटा राज्यातील मरी या गावी स्वतःच्या दवाखान्यात गोळ्या घालून मारले गेलेले हे गृहस्थ व्यवसायाने निसर्गोपचारी वैद्य होते. सात स्त्रियांचे पती आणि ४८ मुलांचे पिता होते. आणि आयुष्याची अखेरची तेवीस वर्षे हजारो माणसांनी त्यांना ईश्वरापासून परंपरेने उतरलेल्या अधिकाराचे धनी मानले होते.

त्यांच्या जीवनाकडे वळण्यापूर्वी ज्या पंथात ते जन्मले त्याचा वृत्तान्त थोडक्यात सांगणे प्राप्त आहे. जोसेफ स्मिथ या तरुणाने १८३० साली न्यूयॉर्क राज्यात ‘बुक ऑफ मॉर्मन’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि त्याच वर्षीच्या ६ एप्रिलला आपल्या चर्चची स्थापना केली. ईश्वर आजही प्रेषितांशी बोलतो, प्राचीन पौरोहित्याचा अधिकार पृथ्वीवर पुन्हा अवतरला आहे, आणि बायबलातील अब्राहाम-याकोबांच्या काळी जे विहित होते ते ईश्वराच्या आज्ञेने पुन्हा विहित होऊ शकते, ही या पंथाची मूळ धारणा. १२ जुलै १८४३ रोजी इलिनॉय राज्यातील नॉवू येथे स्मिथ यांनी बहुपत्नीकत्वाविषयीचा साक्षात्कार लिहवून घेतला, तोही जाहीर न करता, अगदी निकटच्या मंडळींपुरता. पुढच्याच वर्षी कार्थेजच्या तुरुंगात जमावाने त्यांचा वध केला. ब्रिगहम यंग यांच्या नेतृत्वाखाली अनुयायांनी हजार मैलांची वाट तुडवून १८४७ च्या जुलैत साल्ट लेकचे खोरे गाठले, आणि तेथे स्वतःचे राज्य असल्यासारखा निर्धास्तपणा आल्यावर, २९ ऑगस्ट १८५२ रोजी, त्यांनी बहुपत्नीकत्वाचा सिद्धान्त जगापुढे उघडपणे मांडला.

याच सुमारास या पंथाचे पाय आपल्या भूमीलाही लागले होते, ही गोष्ट मराठी वाचकांना सहसा ठाऊक नसते. ह्यू फिंडले हे स्कॉटिश प्रचारक १८५२ साली मुंबईत उतरले आणि पुण्याच्या छावणीच्या आश्रयाने त्यांनी मूठभर श्रद्धाळूंची शाखाही उभी केली. त्यांच्यामागून अमेरिकेहून आलेल्या प्रचारकांत अमोस मिल्टन मसर नावाचा तरुण होता. कलकत्त्यात आणि नंतर, त्या वेळी मुंबई इलाख्यात मोडणाऱ्या, कराचीत तो काही वर्षे राबला. हिंदुस्थानात या मंडळींच्या हाती फारसे काही लागले नाही, आणि बहुपत्नीकत्वाच्या घोषणेची बातमी येऊन पोहोचल्यावर येथील युरोपीय समाजाने त्यांच्याकडे पाठ फिरविली, यात नवल नाही. परंतु या मिल्टन मसर यांचा पुत्र जोसेफ व्हाइट मसर हाच पुढे मूलतत्त्ववादी मॉर्मनांचा सर्वांत प्रभावी लेखक झाला, आणि त्याच्याच हातून ऑलरेड यांना अधिकार मिळाला.

उघड घोषणेनंतरचा इतिहास हा कायदा आणि श्रद्धा यांच्या झुंजीचा आहे. १८६२ साली अमेरिकेच्या काँग्रेसने बहुविवाहाविरुद्ध पहिला कायदा केला. ब्रिगहम यंग यांचे चिटणीस जॉर्ज रेनॉल्ड्स यांच्यावर त्या कायद्याखाली जो खटला झाला, तो सर्वोच्च न्यायालयात १८७९ च्या जानेवारीत निकालात निघाला. सरन्यायाधीश वेट यांनी त्या निर्णयात श्रद्धा आणि आचार यांच्यामध्ये जी रेषा आखली ती समजावून देताना दृष्टान्त घेतला तो पतीच्या चितेवर स्वतःला जाळून घेणे हे आपले धर्मकर्तव्य मानणाऱ्या स्त्रीचा : तिची श्रद्धा कितीही उत्कट असली तरी तिला त्या कृत्यापासून परावृत्त करण्याचा अधिकार राज्यसंस्थेला नाही काय, असा त्यांचा प्रश्न होता. आपल्याकडील सतीच्या प्रथेची छाया अशी त्या दूरच्या निकालपत्रावर पडली, आणि पाऊणशे वर्षांच्या आत मॉर्मनांच्या खटल्यांतील विचार उलट प्रवास करून मुंबईच्या उच्च न्यायालयात आला. मुंबई सरकारने १९४६ साली हिंदूंच्या द्विभार्या विवाहाला प्रतिबंध करणारा कायदा केला. त्याच्या वैधतेला आव्हान देणाऱ्या नरसू आप्पा माळी यांच्या सुप्रसिद्ध प्रकरणात १९५१ साली निर्णय देताना न्यायमूर्ती छागला यांनी आयडाहोमधील मॉर्मनांच्या डेव्हिस खटल्याचा आधार घेऊन हेच सांगितले, की राज्य संरक्षण देते ते श्रद्धेला, प्रत्येक आचाराला नव्हे. ज्या समाजात आपल्या पणज्यांच्या पिढीपर्यंत एका छपराखाली दोन-दोन बायकांचे संसार चालत आले, आणि ज्याने आपल्याच विधिमंडळातून ती रूढी मोडली, त्या समाजातील वाचकाला ऑलरेड यांच्या घरातील दुःखाची ओळख पटण्यास फार प्रयास पडू नयेत असे मला वाटते.

रेनॉल्ड्स निकालानंतर सरकारचा हात कठोर होत गेला. १८८२ च्या एडमंड्स कायद्याने नुसता एकत्र राहण्याचा व्यवहारही दंडनीय केला, कारण गुप्तपणे झालेला विवाह सिद्ध करणे अवघड असे. १८८७ च्या कायद्याने चर्चचे कायदेशीर अस्तित्वच रद्द करून त्याच्या मिळकतीची जप्ती मांडली. शेकडो पुरुष तुरुंगात गेले, कित्येक कुटुंबे सरहद्द ओलांडून मेक्सिकोच्या चिवावा प्रांतात वसाहती करून राहिली, आणि तिसरे अध्यक्ष जॉन टेलर हे अटक चुकविण्यासाठी एका घरातून दुसऱ्या घरी लपत-छपत फिरत असता त्याच अज्ञातवासात १८८७ च्या जुलैत वारले. शेवटी १८९० च्या सप्टेंबरात अध्यक्ष विल्फर्ड वुड्रफ यांनी तो जाहीरनामा काढला, ज्यात देशाच्या कायद्याने निषिद्ध ठरविलेला विवाह करू नये असा उपदेश अनुयायांना केला होता. सहा वर्षांनी युटाला राज्याचा दर्जा मिळाला तो बहुपत्नीक विवाहांना कायमचा मज्जाव करणारे कलम आपल्या संविधानात घालूनच. जाहीरनाम्यानंतरही काही वर्षे असे विवाह गुपचूप होतच राहिले. १९०४ साली दुसरा जाहीरनामा निघून असे विवाह करणाऱ्यांस बहिष्काराची शिक्षा ठरली, तेव्हा कोठे चर्चचा मार्ग खरोखर बदलला.

आता ज्या प्रसंगावर मूलतत्त्ववाद्यांचा सारा डोलारा उभा आहे त्या प्रसंगाकडे येतो. त्यांची श्रद्धा अशी, की १८८६ च्या सप्टेंबरात, २६ तारखेच्या रात्री, अध्यक्ष टेलर युटातील सेंटरव्हिल येथे जॉन वूली यांच्या घरी आश्रयाला असताना त्यांना साक्षात्कार झाला. ईश्वराने आपला शाश्वत करार कधीही मागे घेतलेला नाही आणि घेणार नाही असे त्यांना सांगितले. आणि दुसऱ्या दिवशी आठ तास चाललेल्या बैठकीत टेलर यांनी पाच पुरुषांना निवडून, चर्चने हा आचार सोडला तरी तो पृथ्वीवरून नष्ट होऊ देणार नाही अशी शपथ घ्यावयास लावून, स्वतंत्र अधिकार दिला. ही हकीगत सांगणारा मुख्य साक्षीदार म्हणजे घरमालकाचा मुलगा लोरिन वूली. त्याने ती सविस्तर सांगितली १९२९ साली, घटनेनंतर त्रेचाळीस वर्षांनी, आणि त्या वेळी त्या पाचांपैकी तो एकटाच हयात होता. १९३३ च्या जूनमध्ये चर्चने काढलेल्या अधिकृत निवेदनात असा कोणताही साक्षात्कार आपल्या दप्तरात नसल्याचे बजावले गेले. पुढे २०२५ साली चर्चच्याच इतिहास-ग्रंथालयाने टेलर यांच्या हस्ताक्षरातील तो मजकूर सर्वांना पाहण्यास खुला केला, तेव्हा निदान कागद खरा होता एवढे मूलतत्त्ववाद्यांचे म्हणणे मान्य झाले. परंतु त्या कागदात कराराच्या शाश्वततेची घोषणा आहे. पाच पुरुषांना दिलेल्या अधिकाराविषयी एक अक्षर नाही. तो अधिकार आजही वूलीच्या तोंडच्या शब्दावरच उभा आहे.

हा भेद किती महत्त्वाचा आहे याची कल्पना ऑलरेड यांच्या चरित्रावरून येते, आणि ते सांगण्यासाठीच मी हे काम हाती घेतले. साक्षात्कार कागदावर असला तर त्याचा अर्थ लावता येतो, त्यावर वाद करता येतो, एखाद्या म्हाताऱ्या अनुयायालाही आपल्या नेत्यास उलटून विचारता येते. कानात सांगितलेल्या अधिकाराची पारख मात्र कशानेच करता येत नाही. तो मिळाल्याचा दावा सज्जन करू शकतो तसाच दुर्जनही करू शकतो, आणि ऐकणाऱ्यापाशी दोघांना वेगळे ओळखण्याचे साधन उरत नाही. ऑलरेड यांना नेतृत्व मिळाले ते या मार्गाने, आणि त्यांचा जीव घेतला गेला तोही याच मार्गाने आलेल्या एका प्रतिस्पर्ध्याच्या हुकमावरून.

रूलॉन यांचा जन्मच मुळी या कथेच्या आत झालेला. पिता बायरन हार्वे ऑलरेड यांनी १९०३ साली, म्हणजे पहिल्या जाहीरनाम्यानंतर तेरा वर्षांनी, मेक्सिकोत दुसरी पत्नी केली आणि तिच्या पोटी कोलोनिया डुब्लान या वसाहतीत हा मुलगा जन्मला. मेक्सिकोतील राज्यक्रांतीच्या धामधुमीत १९१२ साली मॉर्मन वसाहतवाले हजारोंनी सरहद्द ओलांडून परतले. बायरन ऑलरेड पुढे आयडाहोत स्थायिक झाले आणि त्या राज्याच्या प्रतिनिधीगृहाचे सभापती होण्याइतके प्रतिष्ठित बनले. अशा माणसाने १९३३ साली, चर्चने मूलतत्त्ववाद्यांविरुद्ध निवेदन काढले त्याच वर्षी, बहुपत्नीकत्वाचा कैवार घेणारे पुस्तक छापून काढले. लॉस एंजेलिसमध्ये वैद्यकीचा व्यवसाय करणाऱ्या रूलॉन यांना ते वाचून धक्का बसला. पित्याची चूक त्याला दाखवून द्यावी या हेतूने त्यांनी जुने ग्रंथ, प्रवचने, चर्चची कागदपत्रे यांचा अभ्यास आरंभिला, आणि त्या अभ्यासाच्या शेवटी ते स्वतःच पित्याच्या बाजूचे झाले. त्यांच्या पहिल्या पत्नीला हा बदल मान्य झाला नाही. ती मुलांना घेऊन त्यांच्यापासून दूर झाली. अनुयायांच्या कथनात हा प्रसंग श्रद्धेसाठी केलेला त्याग म्हणून येतो, आणि रूलॉन यांच्या मनाला त्याने खोल जखम केली यात शंका नाही. परंतु त्या स्त्रीने ज्या संसाराला होकार दिला होता तो एकपत्नीक संसार होता, आणि करार मोडला तो तिने नव्हे, हे चरित्रकाराने स्पष्ट लिहिले पाहिजे.

यानंतर त्यांनी साल्ट लेकमध्ये दवाखाना थाटला, एकेक करून पत्नी केल्या, आणि मसर यांच्या वर्तुळात ते वावरू लागले. मसर १९३५ पासून ‘ट्रुथ’ नावाचे मासिक चालवीत होते. विखुरलेल्या, धास्तावलेल्या कुटुंबांना आपण एका समाजाचे आहोत ही जाणीव त्या मासिकाने दिली. ७ मार्च १९४४ च्या पहाटे केंद्रीय आणि राज्य पोलिसांनी युटा, आयडाहो आणि ॲरिझोना येथे एकाच वेळी छापे घातले. आरोपांची यादी पाहिली तर सरकारच्या मनातील संतापही दिसतो आणि गोंधळही : बेकायदा सहवास, अनैतिक हेतूने स्त्रीला राज्याबाहेर नेणे, अपहरण, अश्लील मजकूर टपालाने पाठविणे. अपहरणाचा आरोप सर्वोच्च न्यायालयात टिकला नाही. स्त्रियांच्या वाहतुकीच्या कायद्याखालील शिक्षा १९४६ साली कायम झाली, पण त्याही निर्णयात न्यायमूर्ती मर्फी यांनी विरुद्ध मत नोंदवून, बहुपत्नीकत्व आपणास कितीही अप्रिय असले तरी तो विवाहाचाच एक प्रकार आहे, त्याला वेश्याव्यवसायाच्या पंक्तीस बसविता येत नाही, असे प्रतिपादन केले. मला मर्फी यांचे म्हणणे न्याय्य वाटते. एखाद्या प्रथेला विरोध करताना तिचे खरे स्वरूप नाकारले, तर विरोध करणाऱ्याचीच नैतिक बाजू लंगडी पडते.

बेकायदा सहवासाबद्दल पंधरा पुरुषांना १९४५ च्या मे महिन्यात साल्ट लेकमधील शुगर हाउस भागातल्या राज्य तुरुंगात जावे लागले. वृद्ध मसर आणि एकोणचाळीस वर्षांचे ऑलरेड त्यांत होते. सात महिन्यांनी त्यांतील बहुतेकांनी, या दोघांसह, बहुपत्नीकत्वाचा उपदेश, पुरस्कार वा पाठराखण यापुढे करणार नाही असा मुचलका लिहून दिला आणि डिसेंबरात सुटका करून घेतली. सही न करणारे उरलेले आत राहिले. या मुचलक्याविषयी अनुयायांची चरित्रे घाईने पुढे जातात. मी तसे केलेले नाही. बाहेर अनेक बायका आणि त्याहून कितीतरी अधिक मुले मिळवत्या पुरुषाची वाट पाहत असताना त्याने केलेली सही मला भ्याडपणाची वाटत नाही. पण शब्द द्यायचा आणि तो पाळायचा नाही, हे ठरवूनच दिलेला तो शब्द होता, आणि ज्या घराचा कर्ता पुरुष असा शब्द देऊन घरी येतो त्या घरातील प्रत्येक मुलाला त्या दिवसापासून असत्याचा वाटा उचलावा लागतो. सरकारने मुचलका मागितला नसता तर बरे झाले असते, असेही मला वाटते. ज्या वचनाचा भंग अटळ आहे ते वचन माणसाकडून वसूल करण्याने कायद्याची प्रतिष्ठा वाढत नाही.

सुटकेनंतर ऑलरेड काही काळ कुटुंबासह मेक्सिकोत निघून गेले आणि चिवावा प्रांतातच, लेबॅरन घराण्याच्या वस्तीवर राहिले. तेथे डेअर लेबॅरन यांचे बरेच पुत्र वाढत होते. त्यांतील जोएल, व्हर्लन आणि अर्व्हिल ही नावे वाचकाने ध्यानात ठेवावीत. इकडे १९४९ साली मसर यांना पक्षाघाताचा झटका आला. उपचार करणारे वैद्य ऑलरेड, आणि त्यांचाच हात धरून मसर यांनी १९५०–५१ च्या सुमारास आपला निकटचा सहकारी म्हणून त्यांना मूलतत्त्ववाद्यांच्या पौरोहित्य-मंडळापुढे उभे केले. मंडळातील ज्येष्ठांनी ती नियुक्ती धुडकावली : आजाराने मसर यांची बुद्धी जाग्यावर राहिली नाही आणि वैद्याने रोग्याचा फायदा घेतला, असे ते म्हणू लागले. मसर यांनी जुने मंडळ बाजूस सारून १९५२ साली नवे नेमले. एका बंद खोलीत एका थकलेल्या वृद्धाने काय सांगितले, यावर समाज दुभंगला. १९५४ च्या २९ मार्चला मसर वारले, तो दिवस ऑलरेड यांचा अठ्ठेचाळिसावा वाढदिवस होता. एका बाजूला ऑलरेड यांचा समूह, जो पुढे अपोस्टॉलिक युनायटेड ब्रदरन या नावाने ओळखला गेला, आणि दुसऱ्या बाजूला युटा-ॲरिझोनाच्या सरहद्दीवरील शॉर्ट क्रीकचा समूह, अशी फाळणी कायम झाली.

नेता म्हणून ऑलरेड यांचे जे चित्र उभे राहते ते मवाळ, वत्सल, अतिकष्टाने झिजलेल्या पुरुषाचे आहे. दिवसभर रोगी पाहावेत, रात्री-अपरात्री बाळंतपणाला जावे (नोंदणीच्या दवाखान्यात जाण्याची भीती असलेल्या बायकांना दुसरा आधार नव्हता), आठवड्याच्या शेवटी प्रवचन द्यावे, तंटे मिटवावेत, मोंटानातील बिटररूट खोऱ्यात अनुयायांनी वसविलेल्या पाइन्सडेल गावाची पाहणी करावी, आणि या सगळ्यातून सात घरांना वेळ द्यावा. शॉर्ट क्रीककडे कोणत्या मुलीने कोणाशी लग्न करावे हे मंडळ ठरवी. ऑलरेड यांच्या समूहात वधूवरांच्या पसंतीला बरीच मोकळीक होती, पोशाख आणि शिक्षण यांवर तितकी बंधने नव्हती. शॉर्ट क्रीकच्या शाखेचा प्रवास शेवटी वॉरन जेफ्स याच्यापर्यंत जाऊन पोहोचला, ज्याला अल्पवयीन मुलींवरील अत्याचाराबद्दल २०११ साली टेक्सासच्या न्यायालयाने जन्मठेप दिली. जेफ्सची काळी छाया ऑलरेड यांच्यावर टाकणे हा अन्याय होईल.

परंतु मवाळ पुरुषाच्या घरातही व्यवस्था आपले काम करीतच राहते. ऑलरेड यांच्या घराविषयी आपल्यापाशी सर्वांत मोलाची साक्ष आहे ती त्यांच्या कन्येची. ४८ भावंडांत अठ्ठाविसाव्या असलेल्या डोरोथी ऑलरेड सॉलोमन यांनी १९८४ साली आपल्या बालपणाचे पुस्तक प्रसिद्ध केले. स्वतः त्यांनी एकपत्नीक संसाराची वाट धरली होती, तरी पित्यावरील त्यांचे प्रेम पानापानांवर आहे, आणि म्हणूनच त्यांनी सांगितलेले दुःख खोटे म्हणण्याचा धीर कोणास होत नाही. त्या घरातील मुलांनी लहानपणीच शिकायचा धडा म्हणजे गप्प राहणे : शाळेत वडिलांचे नाव विचारले तर काय सांगायचे, दाराशी अनोळखी माणूस आला तर कोणी पुढे व्हायचे, कोणाला आई म्हणायचे आणि कोणाला चारचौघांत मावशी. कायद्याच्या दृष्टीने पत्नी एकच. बाकीच्या स्त्रियांना वारसा नाही, पोटगी नाही, नवऱ्यावर फिर्याद नाही. आणि वडील प्रेमळ असले तरी त्यांच्या प्रेमाला वाट्याने येणारे दिवस होते. सवतींनी एकमेकींना आधार दिला, एकमेकींची मुले वाढविली, एकीच्या आजारपणात दुसरीने रात्री जागविल्या, हेही खरे आहे. मात्र असा आधार देण्यावाचून त्यांना गत्यंतर नव्हते, हे सोडून ते खरे मांडणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते.

या गुप्ततेचा दोष एकट्या पंथाचा नव्हता. २६ जुलै १९५३ रोजी ॲरिझोनाचे गव्हर्नर हॉवर्ड पाइल यांनी शॉर्ट क्रीकवर सारी पोलीस यंत्रणा पाठवून पुरुषांना अटक केली आणि २६३ मुलांना सरकारी ताब्यात घेतले. आयांच्या पदरातून ओढलेल्या मुलांची छायाचित्रे वर्तमानपत्रांत आल्यावर लोकमत सरकारवर उलटले आणि पाइल पुढची निवडणूक हरले. मुले आईकडे परतली, काहींच्या बाबतीत दोन वर्षे उलटल्यावर. ज्यांना सोडविण्यासाठी ही मोहीम निघाली त्या मुलींनाच तिने आपल्या वडीलधाऱ्यांच्या मुठीत अधिक घट्ट लोटले, कारण बाहेरचे जग म्हणजे मुले हिरावून नेणारे जग, ही शिकवण आता प्रत्यक्ष पुराव्याने सिद्ध झाली. ऑलरेड यांच्या समूहावर हा छापा नव्हता. त्याची दहशत मात्र साल्ट लेकपर्यंत पोहोचली.

आणि आता लेबॅरन बंधूंकडे. १९५५ साली, ऑलरेड यांच्या समूहात वावरत असलेल्या जोएल लेबॅरनने वेगळे चर्च स्थापिले. त्याचा दावा असा, की खरा अधिकार जोसेफ स्मिथ यांनी बेंजामिन जॉन्सन या आपल्या विश्वासूला गुप्तपणे दिला, त्याने तो लेबॅरन घराण्यात दिला, आणि पिता डेअर यांनी मृत्यूपूर्वी तो जोएलकडे सोपविला. वूलीच्या कथेशी हिचे साम्य कोणालाही दिसावे : येथेही कागद नाही, साक्षीदार मेलेले, आणि सांगणारा तोच अधिकारी. जोएलचा उजवा हात असलेला धाकटा भाऊ अर्व्हिल कालांतराने त्याच तर्काने स्वतःला श्रेष्ठ मानू लागला आणि वेगळा होऊन, आपला अधिकार न मानणाऱ्यांना देहदंड देणे हेही ईश्वरी नियमाचे अंग आहे असे शिकवू लागला. १९७२ च्या ऑगस्टमध्ये मेक्सिकोतील एन्सेनाडा येथे त्याच्या माणसांनी जोएलला ठार केले. त्यानंतर जोएलच्या जागी आलेला व्हर्लन त्याच्या डोळ्यांत सलत होता, पण तो हाती लागत नव्हता. तेव्हा अर्व्हिलने बेत रचला : ऑलरेड यांना मारावे, म्हणजे त्यांच्या अंत्यविधीला व्हर्लन येईल, आणि तेथे त्याला गाठता येईल.

१० मे १९७७ च्या सायंकाळी वेषांतर केलेल्या दोन तरुणी मरी येथील दवाखान्यात रोग्यांत येऊन बसल्या, आणि औषधाच्या खोलीकडे वळलेल्या एकाहत्तर वर्षांच्या डॉक्टरांवर त्यांतील एकीने गोळ्या झाडल्या. अंत्यविधीला बिंगहम हायस्कूलमध्ये सुमारे २,६०० माणसे लोटली. ती गर्दी आणि पोलिसांचा बंदोबस्त पाहून मारेकरी परत फिरले. अर्व्हिलला पुढे मेक्सिकोतून युटात आणून १९८० साली दोषी ठरविण्यात आले आणि १९८१ च्या ऑगस्टमध्ये तो तुरुंगात मेला. व्हर्लनही त्याच सुमारास, दोन दिवसांच्या अंतराने, मेक्सिकोत मोटार-अपघातात गेला. ऑलरेड यांनी आयुष्यात कोणावर शस्त्र उचलले नाही. ज्या मुलांच्या घरी त्यांनी आश्रय घेतला होता त्यांच्यापैकी एकाने त्यांचा वध करविला. अनुयायांच्या दृष्टीने हे हौतात्म्य आहे आणि त्यांच्या शोकाविषयी मला आदर आहे. तरी एक प्रश्न त्यांनी विचारलेला मला कोठे आढळला नाही : अर्व्हिलचा दावा खोटा होता हे त्यांनी कशावरून ठरविले? त्याच्या कृत्यांवरून, हे उत्तर योग्य आहे. पण मग त्याच कसोटीवर, म्हणजे घरातील स्त्रिया आणि मुले यांच्या वाट्याला काय आले या कसोटीवर, आपल्याही अधिकाराची परीक्षा होऊ देणे त्यांना भाग आहे.

ऑलरेड यांच्यानंतर त्यांचे बंधू ओवेन यांनी २००५ पर्यंत, आपल्या मृत्यूपर्यंत, समूहाची धुरा वाहिली. युटा राज्याने २०२० साली कायदा बदलून, संमतीने एकत्र राहणाऱ्या प्रौढांपुरते बहुपत्नीकत्व गंभीर गुन्ह्यांतून काढून किरकोळ अपराधांत घातले. जबरदस्ती, फसवणूक आणि अल्पवयीनांशी विवाह यांसाठी मात्र कठोर शिक्षा कायम ठेवल्या. या बदलाचे मी स्वागत करतो, कारण पोलिसांचे नाव काढताच ज्या बाईचा थरकाप होतो ती मार खाऊनही पोलिसांकडे जात नाही.

पुढील चरित्रात घटनांचा क्रम काळानुसारच ठेवला आहे. तथापि १९४५ ते १९५४ या नऊ वर्षांना त्यांच्या लांबीच्या मानाने अधिक पाने दिली आहेत, आणि पंथाच्या संघटनेचा पुढील विस्तार आटोपशीर ठेवला आहे, कारण मुचलका, मेक्सिकोतील आश्रय आणि मसर यांच्या रोगशय्येपाशी झालेली नियुक्ती या तीन गोष्टी त्याच वर्षांतल्या आहेत आणि नंतरचे बहुतेक सारे त्यांतूनच निघालेले आहे. ऑलरेड यांची प्रवचने जेथे अनुयायांनी टिपून ठेवली आहेत तेथे ती त्यांच्याच बाजूने समजून घेण्याचा प्रयत्न केला आहे. आणि जेथे कन्येची आठवण आणि अनुयायांचे कथन यांचा मेळ बसत नाही, तेथे दोन्ही देऊन, मी कन्येच्या बाजूला झुकलो आहे.